टॉवरचा कॉक उघडण्याआधी

जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइप, चटई, मोल्डिंग काहीही असो, शेडमागे कूलिंग टॉवर (यंत्रांचं गरम पाणी हवेने गार करणारा) असतोच. बहुतेक ठिकाणी त्याचा ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठू नयेत म्हणून टॉवरचं थोडं पाणी सोडून देणं, अंदाजाने चालतो: ड्रेनचा कॉक अर्धवट उघडा ठेवायचा आणि विसरून जायचं. बोअरचं पाणी वाया जाण्याचं सगळ्यात मोठं भोक बहुतेक वेळा हेच.

ताशी ५० घनमीटर पाणी फिरतंय आणि टॉवरमध्ये ५ अंश उतरतंय, असं धरा. ताशी साधारण ३८० लिटर वाफ होऊन जातं. ते अटळ आहे. हातात असतो तो ब्लोडाउन, म्हणजे वाफ भागिले (सायकल वजा १). सायकल म्हणजे टॉवरच्या पाण्यातले क्षार भरलेल्या ताज्या पाण्याच्या किती पट झाले तो आकडा. दोन सायकलला तो ३८० लिटर, चारला १२७. वीस तासांच्या पाळ्यांत रोजचे सुमारे पाच हजार लिटर वाचतात. चारवरून सहावर गेलात तर मात्र जेमतेम हजार लिटर, आणि क्षार बसण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून सहाचा हट्ट नको.

आपल्याकडचं बोअर बऱ्याच ठिकाणी कडक. सॉफ्टनर (कडकपणा काढणारं यंत्र) नाही, अँटिस्केलंट (थर रोखणारं रसायन) नाही, तरी चार सायकल चालवल्या तर चिलरच्या (गार पाणी बनवणाऱ्या यंत्राच्या) कंडेन्सर नळ्यांत पांढरा थर धरणारच. मग पाण्यात वाचवलेले पैसे विजेच्या बिलात जातात.

सायकल नुसत्या टीडीएस पेनवर (विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर) मोजू नये. टॉवरच्या पाण्याचं क्लोराइड भागिले मेकअपचं (भरपाईच्या ताज्या पाण्याचं) क्लोराइड, ही खरी सायकल, कारण क्लोराइड कुठे चिकटत नाही. (हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, टाकत असाल तर आकडा थोडा फुगतो, तेवढं धरून चला.) मग हार्डनेसचा (कडकपणाचा) तोच भागाकार करा. मेकअपचा हार्डनेस ३०० आणि क्लोराइडने सायकल चार आली, तर टॉवरमध्ये १२०० च्या आसपास हार्डनेस हवा. ८०० च आला तर उरलेला ४०० पाण्यात नाही, नळ्यांत आहे. आठवड्यातून एकदा टायट्रेशन किटने हे दहा मिनिटांत होतं.

ऑटो ब्लोडाउन (सेन्सरने क्षार मोजून आपोआप पाणी सोडणारा) लावलात तर सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, आधी गाळणी हवीच. पीव्हीसीचा भुसा आणि शेवाळ अडकून व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि रात्रभर टाकी रिकामी होते. सेन्सरवर थर धरला की तो कमी आकडा दाखवतो, व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि टॉवर गुपचूप आठ-नऊ सायकलवर जातो. सेन्सर महिन्याला सौम्य आम्लाने धुवायचा. बायोसाइड (शेवाळ-जंतू मारणारं औषध) टाकल्यावर काही तास ब्लोडाउन बंद ठेवा, नाहीतर औषध गटारात.

फ्लोटकडे, म्हणजे टॉवरच्या खालच्या टाकीत (बेसिनमध्ये) पाणी भरणाऱ्या तरंगत्या व्हॉल्व्हकडे, कुणी बघत नाही. पंप बंद झाला की वरच्या पाइपांतलं पाणी बेसिनमध्ये उतरतं. फ्लोट काठोकाठ लावलेला असेल तर तेवढं ओव्हरफ्लोने जातं. रोज संध्याकाळी लाइन बंद करणाऱ्या कारखान्यात हे रोजचं. पंप चालू असतानाची पातळी ओव्हरफ्लोच्या बरीच खाली ठेवा आणि पंप बंद करून एकदा बघा. मेकअप आणि ब्लोडाउन, दोन्हींवर वेगळं मीटर बसवा. दोन्हींतला फरक वाफेच्या हिशोबापेक्षा बराच जास्त आला तर गळती, उडणारे तुषार किंवा ओव्हरफ्लो शोधा.

एक गंमत: मे महिन्यात ४५ अंशांत टॉवर खूश असतो, कारण हवा कोरडी. कुरकुर सुरू होते ती पावसाळ्यात, दमट हवेत. तेव्हा पाणी गार होत नाही म्हणून ताजं पाणी सोडत बसू नका.

ब्लोडाउनचं पाणी ‘झाडांना’ देण्याची टूम काळ्या मातीत महाग पडते. सॉफ्टनरचं पाणी असेल तर त्यात सोडियम जास्त. जमीन चिकट होते, पाणी मुरत नाही. फरशी धुवायला, संडासाच्या फ्लशला वापरा. आणि सॉफ्टनर रिजनरेशनचं (सॉफ्टनर मिठाने पुन्हा ताजा करतानाचं) खारट पाणी यात मिसळू देऊ नका, त्याची लाइन वेगळी काढा.