पेटी दुरुस्ती, महिना चौथा: भाता बसला, गंधार रुसला

मागच्या महिन्यात पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, भात्यापाशी अडलो होतो, तो एकदाचा बसला. आधी आकडा सांगतो, सवयच तशी. सगळे स्टॉपर (हवा सोडायचे खटके) बंद करून भाता भरायचा आणि हात काढायचा. पूर्वी 4 सेकंदांत पेटी श्वास सोडायची, आता 19 सेकंद धरते. आणखी ओढता येईल, पण मला पेटी वाजवायची आहे, तपासणीला पाठवायची नाही.

पहिलं चामडं चुकीचं आणलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा सरळ कोल्हापुरातला चपलांचा बाजार, चप्पल लाईन गाठली. तिथल्या चपला बनवणाऱ्या मामांना म्हटलं, "मामा, पेटीच्या भात्याला चामडं पाहिजे." त्यांनी तळव्याचा म्हशीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि वाकवायला सांगितलं. वाकेना. "हे पायाखाली घालायचं सायेब, श्वास घ्यायला न्हाई." मग चपलेच्या वेण्यांसाठी ठेवलेलं शेळीचं पातळ चामडं काढलं आणि त्याच्या कडा रापीनं अशा तासून दिल्या की शेवटचा दोरा-दीड दोरा (दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग) कागदासारखा. मी घरी ब्लेडनं दोन पट्ट्या वाया घालवल्या होत्या. मामांनी चार पट्ट्या चहा यायच्या आत उरकल्या.

चिकटवायला सरसच (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक) वापरला. फेव्हिकॉलनं काम लवकर झालं असतं, पण सरस गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो. पुढं कुणी ही पेटी उघडली तर त्यानं मला शिव्या घालू नयेत. वासावरून मात्र घरात दोन दिवस अबोला.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: पेटी वडिलांची. दुहेरी सुरांची, 37 पट्ट्या, म्हणजे 74 रीड (हवेनं थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभा). ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली (धोका पातळी 43), तेव्हा आमच्या गल्लीत पाणी शिरलं. पेटी पोटमाळ्यावर होती, म्हणून वाचली असं आम्ही धरून चाललो. पण खाली आठवडाभर पाणी म्हटल्यावर वर नुसती दमट वाफ. रीडबोर्ड, म्हणजे रीड बसवलेली फळी, फुगला, सुकताना सांधे उघडले आणि पितळेवर हिरवट थर चढला.

रीड साफ करण्यात दोन रविवार गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते मोडलेल्या रीडचं. गणित सोपं आहे: जिभेच्या टोकाला खरवडलं की वजन कमी होतं, सूर चढतो. मुळाशी खरवडलं की ताठपणा कमी होतो, सूर उतरतो. मध्य सप्तकातली काळी तीन (तिसरी काळी पट्टी) किंचित उतरवायची होती. मुळाशी खरवडताना एक ओरखडा आडवा गेला. दोन दिवसांनी वाजवताना टिक्क झालं आणि जीभ खाली पडली. कंपनीत शाफ्टच्या खाचेला गोलाई ठेवली नाही म्हणून पोरांना झापणारा मी, आणि घरी पितळेवर आडवी चीर स्वतःच्या हातानं पाडतो! मग ईर्ष्येनं पितळी शिमची (पातळ पत्र्याची) जीभ कापली, चौकटीत रिव्हेटनं बसवली. वाजली, पण सूर कसला, एसटीचा हॉर्न. जीभ आणि चौकट यांच्यात केसाएवढी फट लागते, माझी त्याच्या तिप्पट झाली होती. शेवटी मिरजेहून जुनी रीड आणली आणि गप्प बसवली.

आता गंधार.

मोबाईलवरच्या ट्यूनरनं सगळे सूर शून्यावर आणले होते. गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला पेटी नेली. तिथं गाणारे अण्णा काळी एकमध्ये गातात, म्हणजे त्यांचा सा पहिल्या काळ्या पट्टीवर. भूप रागातला अभंग, पहिल्याच ओळीत ते गंधारावर थांबले, थांबले म्हणजे गाणंच थांबवलं. "पेटी चढी हाय रं." मी मोबाईल दाखवला, शून्य. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "तंबोरा लाव आणि नुस्ता गंधार धरून ठेव." धरला. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, त्याच्यावर पेटीचा सूर लाटांसारखा थडथडत होता. आयुष्यभर पेटी ऐकली, हे कधी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन हिशेब केला. काळी एकचा सा 277.2 हर्ट्झ. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग धरतो, त्याचा गंधार, म्हणजे पांढरी चार, 349.2. तंबोऱ्याशी जुळणारा गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे 346.5. फरक पावणेतीन हर्ट्झचा, सुमारे 14 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागच्या तक्रारींत ही एक होतीच: बांधलेले सूर, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) नाही. बंदी मला अजूनही अतिरेकच वाटते. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात राहून दुसरं काय वाटणार? पण तक्रार खोटी नव्हती.

मग पांढरी चारच्या दोन्ही रीड उतरवल्या. या वेळी ओरखडे फक्त लांबीच्या दिशेनं. पाच ओरखडे, रीड जागेवर, दोन मिनिटं थांबायचं, मग ऐकायचं. हे थांबणं टाळू नका. बोटाच्या उबेनं पितळ तापतं आणि सूर उतरल्यासारखा वाटतो, गार झाला की पुन्हा वर. माझा एक तास त्यातच गेला.

गंमत पुढं आहे. बायको काळी चारमध्ये गाते. तिच्यासाठी पांढरी चार म्हणजे धैवत, आणि तोही जवळपास तेवढाच उतरलेला हवा असतो. मी काही न सांगताच तिनं विचारलं, "आज पेटी गोड का लागते?" सरसाचा अबोला तिथं सुटला. शेजारचे काका मात्र पांढरी एकमध्ये गातात. त्यांचा तो मध्यम होतो आणि आता तो साफ उतरलाय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात काळी पाच. काळी एकचा धैवत तिथं येतो आणि तो 16 सेंटनं उतरवायचाय. तोवर भूपात अण्णा धैवतावर आले की गाणं थांबवत नाहीत, नुसते माझ्याकडं बघतात.