किती वाजले?

२५ मार्च २०२५, मंगळवार. रात्रीचे साडेदहा.

आई आत्ता कुठे झोपली. दिवसभरात तिनं किती वेळा वेळ विचारली, ते मोजायचं मी सोडून दिलंय. सांगितलं की मान हलवते, आणि दोन मिनिटांनी परत, "किती वाजले गं?"

आज देवदूताच्या संदेशाचा सण. नाताळच्या बरोबर नऊ महिने आधीचा. ईस्टरआधीच्या ऐन उपवासकाळात येतो, म्हणून घरात ना गोडधोड, ना कंदील. नाझरेथच्या मरिया नावाच्या एका मुलीनं देवदूताला "हो" म्हटलं आणि तिच्या पोटात देवाचा देह वाढू लागला. देव माणूस झाला तो या दिवशी. गोठ्यात तो फक्त आपल्याला दिसला. मला हा सण नाताळपेक्षाही जवळचा वाटतो.

सकाळी आईचं करायला येणाऱ्या मावशी आल्यावर आईला त्यांच्यावर सोपवून मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, गेले. एरवी रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे आमची श्रद्धा सांगणाऱ्या प्रार्थनेत, "देही झाला, मनुष्य झाला" हे शब्द आले की आम्ही नुसती मान लववतो. वर्षातून दोनदाच, नाताळला आणि आज, त्या शब्दांना गुडघे टेकायचे असतात. आई हिंडतीफिरती होती तेव्हा सांधे कितीही धरलेले असोत, बाकाचा आधार घेऊन टेकायचीच. आज तिच्या जागी मी एकटी टेकले. वर उठताना तिचा हात धरायची इतकी सवय की माझा हात आपसूक बाजूला गेला.

प्रवचनात फादर म्हणाले, निकेयाच्या महासभेला यंदा १७०० वर्षं होतात. आजच्या तुर्कस्तानातल्या त्या गावी, इसवी सन ३२५ मध्ये, जमलेल्या बिशपांनी ठरवलं की येशू हा देवानं निर्माण केलेला कुणी थोर पुरुष नव्हे, पित्याच्याच तत्त्वाचा देव आहे. मी मात्र त्या दोन शब्दांपाशीच अडकून बसले होते. "देही झाला" म्हटल्यावर परत "मनुष्य झाला" कशासाठी? एक पुरेसा नव्हता?

हा प्रश्न खरंच विचारला गेला होता. लाओदिकेयाचा बिशप अपोलिनारिस निकेयाच्या बाजूनं हिरिरीनं लढलेला माणूस. त्याचं म्हणणं असं की येशूचा देह आपल्यासारखाच, पण त्यात मानवी बुद्धी नव्हती. तिच्या जागी साक्षात देवाचा "शब्द", म्हणजे देवाचा पुत्र, होता. मला त्याचं मन कळतं. माणसाची बुद्धी चुकते, गोंधळते, विसरते. देवाला असलं काही चिकटवायला त्याचा जीव धजला नसेल. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या महासभेनं ही शिकवण नाकारली. आणि त्याच काळातला धर्माचार्य, नाझियान्झसचा ग्रेगरी, यानं एका पत्रात तिला उत्तर दिलं, ते मी गेली दोन वर्षं उशाशी घेऊन झोपते आहे: जे त्यानं धारण केलं नाही, ते बरं झालं नाही. बुद्धीच सगळ्यात आजारी असेल, तर तीच वगळून कसं चालेल?

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आईच्या मेंदूचे फोटो दाखवले तेव्हा हे वाक्य मला धीर देत नव्हतं, टोचत होतं. त्यानं भूक घेतली, थकवा घेतला. नावेत उशीवर डोकं टेकून झोपला, लाजर या मित्राच्या कबरीपाशी रडला. पण म्हातारपण? तिशी ओलांडून थोड्याच वर्षांत तो गेला. त्याचे केस पिकले नाहीत. पोटच्या लेकीकडे बघत "तू कोण?" असं त्यानं कधी विचारलं नाही. मग ते तेवढं बरं व्हायचं राहिलं का? एका रात्री रागानं मी हे मोठ्यानं बोलले होते. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

याचं पुरतं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण त्यानंतर मी शुभवर्तमानं, येशूची कथा सांगणारी मार्क, लूक वगैरेंची पुस्तकं, वेगळ्या कानांनी वाचायला लागले, आणि लक्षात आलं की येशू किती प्रश्न विचारतो. माझ्या वस्त्रांना कोणी स्पर्श केला? तुमच्याजवळ भाकरी किती आहेत? याला असं होऊन किती काळ झाला? त्याला कुठे ठेवलं आहे? लहानपणी वाटायचं, याला सगळं ठाऊक आहे, शाळेतले गुरुजी विचारतात तसं विचारतोय. आता तसं वाटत नाही. लूक स्पष्ट लिहितो की तो ज्ञानानं वाढत गेला. वाढत गेला म्हणजे आधी कमी होतं. मरियेनं त्याला शब्द शिकवले असतील. ज्याला आम्ही "शब्द" म्हणतो, त्याला.

आणि मार्कच्या तेराव्या अध्यायातली, जगाच्या शेवटाबद्दलची ती ओळ: तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही. पुढच्या काळातल्या कित्येक आचार्यांना ही ओळ जड गेली. त्याला ठाऊक होतं, फक्त सांगायचं नव्हतं, असा अर्थ काहींनी लावला. माझ्याहून ते लाखपटीनं शहाणे. पण मला ती ओळ आहे तशीच हवी आहे. देवाच्या पुत्राला एक वेळ ठाऊक नव्हती, आणि ते त्यानं शिष्यांसमोर सांगितलं.

मिस्साहून परतले तेव्हा मावशी आईला अंघोळ घालत होत्या. मावशींचं माहेर पंढरपूरकडचं, गळ्यात तुळशीची माळ. कोपर उचलून काखेतून ओला पंचा फिरवतानाही त्या आईशी बोलत असतात, उत्तर येवो न येवो. आज सण कसला म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, देव माणसाच्या पोटी आला त्याचा. त्या म्हणाल्या, "आमचा विठोबा जनीबरोबर जातं ओढायचा की." मग जरा थांबून, "पण तुमच्या देवाला कुणीतरी न्हाऊमाखू घातलं असंल ना, तान्हा होता म्हंजे?"

हो म्हटलं, आणि पुढे काही बोलताच आलं नाही. शेजारपाजारचे "तुमचा येशूचा अवतार" म्हणतात तेव्हा मी हुज्जत घालत नाही, त्यामागचं प्रेम मला कळतं. तरी "देही झाला" या शब्दांत मला जे दिसतं ते इथे, या मोरीत होतं. तो देह त्यानं काम झाल्यावर उतरवून ठेवला नाही. पुनरुत्थानानंतर थोमा या शिष्याला दाखवले ते हात खिळ्यांच्या खुणांचे होते, आणि त्याच देहानं तो पित्याकडे गेला, अशी आमची श्रद्धा आहे. माणसाची बुद्धीही त्यानं टाकून दिलेली नाही. ती जी शिकली, जिनं विचारलं, जिला एक घटका ठाऊक नव्हती, ती.

दुपारी आईसोबत जपमाळ घेतली. "नमो मरिया" अर्ध्यात आल्यावर ती थांबली. लोक सांगतात की सगळं गेलं तरी प्रार्थना राहते. आईची राहिलेली नाही. गेल्या पावसाळ्यापासून एकेक शब्द गळत चाललाय, आणि आज तिनं मण्यांकडे बघून विचारलं, "हे काय आहे?" आधी मी अशा वेळी चिडायचे, पुढचे शब्द तिच्या तोंडात कोंबायचे. आज मी उरलेली प्रार्थना तिच्या वतीनं म्हटली आणि मणी तिच्याच बोटांत राहू दिले. ती ते एकेक चाचपत बसली.

खोलीतून आवाज आला. जागी झाली वाटतं.

"किती वाजले गं?"

पावणेअकरा, आई.