रात्रपाळी आणि हरेगावची वाट

आईचे अंथरूण अकरा वर्षे आमच्या घराच्या मधल्या खोलीत होते. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेल्यापासून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मी स्वतः परिचारिका असल्यामुळे मला वेगळे कोणी सांगायची गरज नव्हती. रुग्णालयात मी दिवसपाळी मागून घेतली होती. दिवसा शेजारची एक मुलगी आईजवळ बसत असे आणि रात्र माझी असे. दोन वर्षांपूर्वी आई देवाघरी गेली, पण त्यानंतरही रात्री दोन वाजले की माझे डोळे आपोआप उघडत, मी उठून मधल्या खोलीच्या दारापर्यंत जात असे आणि उंबऱ्यावर पाय ठेवल्यावर मला आठवत असे की आता कोणाला वळवायचे नाही.

मी बावन्न वर्षांची आहे आणि लग्न केलेले नाही. दोन्ही भाऊ पुण्याकडे असतात आणि फोन न चुकता करतात. भेटायला आलेल्या माणसांनी मायेपोटीच मला म्हटले की बाई, आता तू मोकळी झालीस. त्या शब्दाने मला जेवढे दुखावले, तेवढे आईच्या जाण्यानेही दुखावले नव्हते, कारण ज्या कामाने अकरा वर्षे माझ्या दिवसाला आणि रात्रीला आकार दिला होता, तेच त्यांना ओझे वाटत होते. मी पुन्हा रात्रपाळी मागून घेतली. वॉर्डात निदान कोणीतरी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारी. रविवारी मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जात होते, गुडघे टेकत होते, पण तोंडाने म्हटलेली प्रार्थना छपराला लागून परत येते असे वाटत होते.

गेल्या सप्टेंबरात आमच्या चर्चमधून हरेगावला पायी दिंडी निघणार असल्याचे फादरांनी सांगितले, तेव्हा मी नाव दिले ते काही मोठ्या श्रद्धेने नव्हे. आई धडधाकट होती तोवर ती दरवर्षी चालत जात असे आणि तिची जपमाळ माझ्या पर्समध्ये पडून होती, एवढेच त्याचे कारण होते.

मराठवाड्यातल्या वाचकांना पंढरीची आणि पैठणची वारी सांगावी लागत नाही, परंतु मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मारिया हिची, यात्रा पुष्कळांना ठाऊक नसते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या संत तेरेजा चर्चमध्ये ही यात्रा भरते. मारियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला असतो, त्याच्या आसपास नऊ दिवस नोव्हेना म्हणजे प्रार्थनेचा नवरात्र चालतो आणि शेवटी शनिवारी-रविवारी दूरदूरच्या गावांतून लोक येतात. आम्ही वैजापूर तालुक्यातले लोक गोदावरी ओलांडून जातो. निजामाच्या राजवटीत ही नदी दोन राज्यांची शीव होती. अलीकडे निजामाचा मुलूख होता आणि पलीकडे मुंबई इलाखा. आजही आम्ही औरंगाबाद धर्मप्रांतातून (एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश म्हणजे धर्मप्रांत), जो १९७७ मध्ये स्वतंत्र झाला, नाशिक धर्मप्रांतात जातो, पण माउलीकडे जाताना असली शीव कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘माउली’ हा शब्द आम्ही ज्ञानोबांच्या भूमीतूनच घेतला आहे, आणि वाटेवरच्या वाड्यावस्त्यांवरील माणसे आम्हाला चहा देताना ‘बसा माउली’ म्हणतात, तेव्हा त्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही.

शुक्रवारी पहाटे आम्ही साठ-सत्तर जण निघालो. पुढे मुलांच्या हातात निळा झेंडा, मागे ढोलकी आणि टाळ, आणि ‘नमो मारिया’ ही माळेवरची प्रार्थना दहा-दहा वेळा म्हटल्यावर एक भजन. पावसाने उघडीप दिली होती. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका दिसत होता. नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी पोहोचते तिथे ऊस उभा होता आणि पोहोचत नाही तिथे बाजरी माना टाकून होती. घोगरगावच्या बाजूने आलेली काही कुटुंबे आम्हाला वाटेत मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फ्रान्समधून आलेले धर्मगुरू त्या गावी राहिले आणि त्यांच्यामुळे या पट्ट्यातील अनेक घरांत येशूचे नाव पोहोचले. ते धर्मगुरू आपली माणसे मागे ठेवून, परक्या मुलखात, परकी भाषा शिकत राहिले. त्यांच्या रात्री कशा गेल्या असतील, हा विचार मी त्या दिवशी चालताना प्रथमच केला.

घोगरगावच्या त्या घोळक्यात सत्तरी ओलांडलेली एक आजी होती. तिचे आणि माझे पाऊल जुळले. तिने मला माझ्याविषयी काही विचारले नाही, फक्त माझ्या हातातली माळ पाहून म्हणाली, “जुनी हाय. आईची का?” मी हो म्हटले. मग बराच वेळ आम्ही बोललो नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमेच्या यात्रेला डोंगर चढून जाणाऱ्या लोकांची मानली जातात. त्यांतले १२१ वे आम्ही चालताना आळीपाळीने म्हणत होतो. डोंगराकडे डोळे लावणारा यात्रेकरू त्यात विचारतो की मला साहाय्य कोठून येणार, आणि त्याला उत्तर मिळते की तुझा पाय देव ढळू देणार नाही, दिवसा सूर्याची आणि रात्री चंद्राची तुला बाधा होणार नाही, आणि इस्राएलाचा जो रक्षक आहे तो झोपत नाही, डुलकीही घेत नाही. हे स्तोत्र मला लहानपणापासून पाठ होते, तरीही त्या उन्हात, फोड आलेल्या टाचांनी चालताना ‘डुलकी’ या शब्दापाशी मी अडले. डुलकी म्हणजे काय, हे रात्रपाळी करणाऱ्याला विचारावे. पहाटे साडेतीन-चारला मान आपोआप खाली येते, सलाईनचे थेंब मोजता मोजता आकडा हरवतो आणि आपण दचकून रुग्णाकडे पाहतो. माझ्या कामातला सगळ्यांत अवघड भाग देवाच्या स्तुतीत आला आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते.

गोदावरीच्या अलीकडे एका शाळेच्या ओसरीत आमचा मुक्काम पडला. गावातील बायकांनी पिठले, भाकरी आणि ठेचा आणून वाढला. जेवणानंतर फादरांनी बायबलमधला गेथशेमाने बागेचा, येशूच्या अटकेच्या रात्रीचा, उतारा वाचला. येशू पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना बरोबर नेतो, माझा जीव मरणाइतका कासावीस झाला आहे म्हणून माझ्याबरोबर जागे राहा असे त्यांना विनवतो, आणि परत येऊन पाहतो तर ते झोपलेले असतात. तुम्ही एक तासभरही जागे राहू शकला नाहीत काय, असे तो विचारतो. हे तीनदा घडते. आजवर हा उतारा ऐकताना मी शिष्यांच्या दुबळेपणाकडेच पाहत आले होते. त्या रात्री मला त्या मागणीतली दीनता दिसली. देवाचा पुत्र चमत्कार मागत नाही, जवळ कोणीतरी जागे असावे एवढेच मागतो, आणि तेवढेही त्याला मिळत नाही. मग दुसऱ्या दिवशी क्रुसावरून तो आपल्या पित्याला विचारतो की तू माझा त्याग का केलास. ज्याने ही रात्र अशी काढली, त्याच्यापुढे मला माझ्या मधल्या खोलीविषयी लाज बाळगण्याचे कारण नव्हते. एकटे वाटणे म्हणजे विश्वास उणा असणे, असे मी दोन वर्षे मनोमन धरून चालले होते, आणि त्यामुळे माझे दुःख दुप्पट झाले होते.

दोन वाजता मला नेहमीप्रमाणे जाग आली. शेजारी आजी पाय धरून बसली होती. तिच्या पोटरीत गोळा आला होता. मी तिचा पाय सरळ केला, पंजा वर रेटून धरला, पाणी पाजले आणि हळूहळू चोळत राहिले. दुखणे उतरल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “आता तू निज, लेकरा. मी हाये जागी.”

हे वाक्य मला आईच्या आजारपणापासून कोणीही म्हटले नव्हते. मी भिंतीकडे तोंड करून रडले, आणि रडता रडता झोपले. मला उठवले ते झेंडावाल्या मुलांच्या गलबल्याने. आजी तशीच बसलेली होती आणि तिच्या बोटांत माझ्या आईची माळ होती.

शनिवारी पुलावरून जाताना नदी गढूळ आणि भरलेली होती. हेच पाणी पुढे पैठणला नाथसागरात जाते. हरेगाव हे बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याचे गाव. तेथे पोहोचलो तेव्हा पायऱ्यांपर्यंत गर्दी होती, मेणबत्त्यांचा धूर होता, नवस फेडणारी लेकुरवाळी माणसे होती. माउलीच्या मूर्तीपुढे मला जेमतेम काही क्षण मिळाले. मागण्याचे मी काही ठरवून आले नव्हते. मला आठवले ते इतकेच की क्रुसावर प्राण कंठाशी आले असताना येशूने आपल्या आईला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवले, शिष्याला म्हटले की ही तुझी आई, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले. स्वतः इतका एकटा असताना त्याने दोन माणसांचे एकटेपण मिटवण्याची व्यवस्था केली. मी फक्त ‘प्रभू, मी एकटी आहे’ असे म्हटले. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला खरे ते सांगितले होते, आणि माझे बोलणे परत आले नाही. याहून अधिक मला त्याचे वर्णन करता येणार नाही.

रविवारी मिस्सा झाल्यावर परतीच्या जीपमध्ये आजी माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली होती. तिच्या गावाचा फाटा आला तेव्हा मी तिची पिशवी घेऊन तिच्याबरोबर उतरले. तिच्या घरात ती एकटीच राहत होती. आम्ही चूल पेटवली, तिने बाजरीची भाकरी थापली, मी शेवग्याच्या शेंगा चिरल्या, आणि रात्री तिने माझ्यासाठी आपल्या शेजारी गोधडी अंथरली.