चांदोलीत पाण्याच्या मागे

चांदोलीला कधी जावे, असे विचारणाऱ्याला बहुतेक जण डिसेंबर किंवा जानेवारी सांगतात. हवा थंड असते, रस्ते कोरडे असतात आणि झोळंबीच्या सड्याकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठाराकडे, गाडी सुखाने जाते, त्यामुळे या सल्ल्यात काही वावगे नाही. परंतु निरनिराळ्या ऋतूंत तिथे जात राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, हे उद्यान समजून घ्यायचे असेल तर प्राण्यांच्या मागे न लागता वर्षभर पाण्याच्या मागे जावे, आणि त्याची सुरुवात मे महिन्यात करावी.

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींजवळ येतात, तिथे सह्याद्रीच्या माथ्यावर हे जंगल सुमारे ३१७ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. वारणेवर चांदोली येथे बांधलेल्या मातीच्या धरणाचा वसंतसागर जलाशय याच जंगलात लांबवर शिरलेला आहे.

मे महिन्यात हा जलाशय खूप आत ओसरतो. उघड्या पडलेल्या ओलसर काठावर कोवळे गवत उगवते आणि उन्हे कलली की गव्यांचे कळप त्या हिरव्या पट्ट्यावर उतरतात. वर सड्यावरचा जांभा दगड मात्र इतका तापलेला असतो की, पावसाळ्यात याच खडकावर पाणी साठते यावर विश्वास बसत नाही. ओढ्यांची पात्रे कोरडी पडतात, परंतु घळींमधल्या सदाहरित झाडीत शिरले की सावलीला ओलावा जाणवतो. त्या झाडीने मुळांशी धरून ठेवलेले पाणीच वरच्या डोहांना उन्हाळाभर पुरते.

उन्हाळ्यातच आणखी एक गोष्ट दिसते, जी गवत उंच असताना झाकून जाते. वाळलेल्या कुरणांतून शेताचे जुने बांध आणि घरांची जोती वर येतात, कारण ही कुरणे एके काळची शेते आहेत. धरणासाठी आणि पुढे अभयारण्यासाठी येथली गावे उठली, लोकांना खाली सपाटीवर वसवण्यात आले, आणि जमिनीसाठी, पाण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यांनी लावलेल्या आंब्या-फणसांना अजून फळे धरतात आणि ती आता अस्वले, माकडे आणि पाखरे खातात. जंगल पुन्हा वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही त्या जोत्यांजवळ गाडी थांबवून, येथे कोणते गाव होते आणि तेथली माणसे आता कोठे राहतात, हे पर्यटकांना सांगितले गेलेच पाहिजे असे मला वाटते. गव्यांची मोजदाद करायची आणि ज्यांच्या शेतात ते चरतात त्यांचे नावही घ्यायचे नाही, हे बरोबर नाही.

जूनच्या मध्याच्या सुमारास उद्यान पर्यटकांसाठी बंद होते आणि साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहते. म्हणजे ज्या ऋतूमुळे हे सारे उभे आहे, नेमका तो ऋतू आपल्याला बाहेरून पाहावा लागतो. कोकणातून येणारे ढग सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर आदळून वर चढतात आणि माथ्यावर रिते होतात. उद्यानाला लागूनच असलेल्या पाथरपुंज येथे अलीकडच्या काही पावसाळ्यांत सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला गेला आहे, तर सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या जत तालुक्यात वर्षाला जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो. उद्यानाचे प्रवेशद्वार असलेल्या मणदूरच्या बाजूने त्या दिवसांत पाहिले तर डोंगर दिसतच नाहीत, केवळ त्यांच्यावरून उतरणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. धरणाचे दरवाजे उघडले की हेच पाणी हरिपूरला कृष्णेत मिसळेपर्यंत काठावरच्या गावांना जागे ठेवते.

ही बंदी मला योग्य वाटते. सड्यावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो आणि त्यात पोषणही फारसे नसते. म्हणूनच तिथल्या दवबिंदूसारख्या वनस्पती चिकट थेंबांनी कीटक धरतात, तर सीतेची आसवे नावाच्या वनस्पती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव आपल्या पिशव्यांत ओढून घेतात. अशा जमिनीवर भर पावसात माणसांची पावले आणि गाड्यांची चाके पडली, तर ते नुकसान लवकर भरून येणार नाही. सड्याची फुले पाहायची हौस असणाऱ्याने सप्टेंबरात बाहेरच्या गुढे-पाचगणी पठारावर जावे. तेथे पवनचक्क्यांच्या आसपास सोनकी आणि तेरडा भरभरून फुललेला असतो.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तो सर्वांनी पाहिलेला असतो: सकाळी जलाशयावर धुके, भरलेले डोह आणि दुपारपर्यंत सुखद ऊन. मला त्याहून फेब्रुवारीअखेर अधिक आवडते. तेव्हा पांगारा आणि काटेसावर फुलतात, अंजनीच्या खोडा-फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस येतात, आणि ओढ्यांचा आवाज हळूहळू बारीक होत असल्याचे कान देऊन ऐकले तर कळते.

मणदूरच्या प्रवेशद्वाराशी वाघ-बिबट्यांच्या चित्रांबरोबर एक साधा फलक लावावा, अशी माझी वन विभागाला विनंती आहे. त्यावर पाथरपुंजचा त्या वर्षीचा पाऊस, वसंतसागरातला त्या आठवड्याचा पाणीसाठा आणि येथून उठलेल्या गावांची नावे लिहिलेली असावीत.