जोत्याभोवती झटक्याची तार

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गावच्या, म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या, जुन्या घराच्या जागी नवे घर बांधायला काढले, तेव्हा वाळूचे दर, चिऱ्याची गाडी वेळेवर येणे आणि पावसाआधी जोते पूर्ण होणे एवढ्याच काळज्या डोक्यात होत्या. रानडुकरे त्या यादीत नव्हती. भाताच्या आणि कंदांच्या शेतात त्यांचा उपद्रव असतो हे लहानपणापासून ठाऊक होते. बांधकामाशी त्यांचे काय काम असेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

जोत्याचे चिरे लावून झाल्यावर आत मातीची भरणी केली, पाणी मारून ती धुमसून घेतली आणि गवंडी संध्याकाळी निघून गेले. सकाळी पाहतो तो भरणीचा एक पूर्ण कोपरा नांगरल्यासारखा उकरलेला, लाइनआउटच्या, म्हणजे भिंतींच्या आखणीच्या, दोन खुंट्या दोरीसकट बाहेर आलेल्या, आणि चिऱ्यांवर पाणी मारून जिथे चिखल साचला होता तिथे एका मोठ्या अंगाचा स्वच्छ ठसा, अगदी केसांच्या रेषांसह. कारण नंतर लक्षात आले. एप्रिल-मे महिन्यांत कातळाच्या आसपास सगळी जमीन वाळून कडक झालेली असते आणि त्या पंचक्रोशीत रोज सकाळ-संध्याकाळ पाणी पिणारी, भुसभुशीत, गांडुळांना मानवणारी माती फक्त माझ्या जोत्यात होती. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात अंग थंड करायला त्याला चिखलच लागतो. तो मी त्याला रोज दोन वेळा तयार करून देत होतो.

पहिल्या दोन रात्री कंदील टांगून, जुने कपडे बांधून आणि एकदा चक्क रेडिओ लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी शेजारचे तात्या येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, साइटवर मीटर आहेच ना? तारेला एक फेज सोड, संपला विषय." मीटरवरची वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडण्याचा हा सल्ला कोकणातच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात दिला जातो आणि त्यापायी दरवर्षी माणसे मरतात, बहुतेक वेळा रात्री वाट चुकलेला शेजारी किंवा स्वतः तार लावणाराच. माझ्या जागेवर तर कामगारांची दोन कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि त्यांची मुले चिऱ्यांच्या थप्पीवर दिवसभर खेळत होती. शिवाय रानडुकराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. पिकाच्या नुकसानीसाठी वन विभागाकडे अर्ज तरी करता येतो. उकरलेल्या भरणीला पीक म्हणता येत नाही, हा भाग वेगळा.

मग शेतकरी वापरतात ते झटका मशीन आणले. त्याचे तत्त्व साधे असले तरी ते नीट समजून घेतल्याशिवाय हात लावू नये. मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आतल्या कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठवते आणि साधारण सेकंदाला एकदा, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी काळ, ती तारेत सोडते. दाब काही हजार व्होल्ट असतो. पण धक्का क्षणिक असल्यामुळे स्नायू तारेला आवळून बसत नाहीत आणि अंग मागे घ्यायला वेळ मिळतो. घरच्या २३० व्होल्टचा प्रवाह सतत वाहतो, म्हणून तो मारतो. तात्यांना हे पटायला दोन चहा लागले.

कुंपण मात्र साइटवर होते त्याच सामानातून उभे केले. सळयांचे उरलेले दहा मिलिमीटरचे तुकडे खांब म्हणून ठोकले, त्यांच्यावर वायरिंगसाठी आणलेल्या पीव्हीसी नळीचे तुकडे टोपीसारखे चढवले आणि त्या नळीला दोन वेढे देत बांधणीची तार दोन पदरी पिळून फिरवली. एक तार जमिनीपासून वीतभर उंचीवर, दुसरी साधारण ४५ सेंटिमीटरवर. उंचीला महत्त्व आहे, कारण डुकराची कातडी जाड आणि केसाळ असते. झटका बसायला हवा तो ओल्या, नाजूक नाकाला. नाकाला बसला तर जनावर मागे उडी घेते, मानेमागे बसला तर पुढे धावते आणि तार तोडून आत शिरते. आधी मी बांबूचे खांब घेतले होते, पण ते ओले होते आणि रात्री प्रत्येक खांबापाशी बारीक टक्-टक् ऐकू येऊ लागली. तो आवाज म्हणजे वीज डुकराऐवजी बांबूतून जमिनीत उतरत होती.

तरीही पहिल्या आठवड्यात डुकरे दोनदा आत आली. एकदा कारण उघड होते: दुपारी सैल पडलेली तार कॉलमच्या उभ्या सळईला टेकली होती आणि सगळा झटका त्या लोखंडातून घराच्या पायात मुरत होता. दुसऱ्या वेळी तार शाबूत होती, मशीन चालू होते, पण झटका इतका मरतुकडा की लांब हिरव्या गवताची काडी तारेला लावून पाहिली तर बोटाला मुंगीही येईना. दोष अर्थिंगचा होता. तारेतून निघालेली वीज डुकराच्या पायातून जमिनीत जाऊन अर्थच्या सळईतून मशीनकडे परत यायला हवी. मी ती सळई शेडच्या मागे, कोरड्या जांभ्यात, हातभर ठोकून मोकळा झालो होतो. मग क्युरिंगचे, म्हणजे बांधकाम घट्ट व्हावे म्हणून मारलेले, पाणी वाहून जिथे साचते, त्याच खड्ड्यात मीटरभर लांबीच्या तीन सळया एकमेकींपासून अंतर ठेवून पुरल्या आणि त्या जोडून मशीनला दिल्या. ज्या चिखलासाठी डुकरे येत होती त्यानेच कुंपण जिवंत केले. त्याच रात्री अंधारात एक किंचाळी आणि झुडपांतून धावण्याचा आवाज आला, आणि त्यानंतर भरणी कोणी उकरली नाही.

रोजची शिस्त मात्र पाळावी लागली. सकाळी गवंडी येण्याआधी मशीन बंद करून बॅटरीची वायर काढून ठेवायची. संध्याकाळी मुले शेडमध्ये गेल्याची खात्री करूनच ते सुरू करायचे. चारही बाजूंना पिवळ्या पाट्या लावल्या, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तारेला लाल फडक्यांच्या चिंध्या बांधल्या. रात्री बाहेर जायला लागेल म्हणून शेडच्या बाजूला प्लास्टिकच्या मुठीचा, काढता-घालता येणारा हुक ठेवला.

जूनच्या पहिल्या सरींनंतर तारेखालचे गवत वाढून झटका पुन्हा उतरू लागला, पण तोवर जोत्यावर कोबा पडला होता आणि उकरायला काही उरले नव्हते. मशीन, खांब आणि गंजलेली तार तात्यांनी उचलून नेली; त्यांनी भाताची दाढ, म्हणजे लावणीची रोपे, पेरली होती. जाताना त्यांनी एकच गोष्ट विचारली: "अर्थ कुठे पुरायचा म्हणालास?"