रिपोर्टातला एक शब्द आणि माझ्या चार चकरा

गुडघ्याचा एमआरआय काढायला अर्धा तास लागला. त्याच्या रिपोर्टातला एक शब्द दुरुस्त करून घ्यायला अकरा दिवस. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

मांडी घालून बसलं की उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला, मागे, कळ यायची. ठाणे स्टेशनचा पूल उतरताना तर हमखास. एक्स-रेमध्ये सांध्याच्या मागच्या बाजूला मसुरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, "हाडाचा सुटा तुकडा दिसतोय. एमआरआय करा, मग दुर्बिणीतून काढून टाकू." एमआरआय केला. (मंगळसूत्र आणि केसांच्या पिना घरीच ठेवून जा, तिथे लॉकरसाठीही रांग होती.) रिपोर्टात तेच आलं: 'लूज बॉडी'.

ऑपरेशन म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, दुसरीकडे दाखवू. पाचपाखाडीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुडघा कधी अडकतो का? मध्येच लॉक होतो?" नाही, तसं कधीच झालं नव्हतं. त्यांनी सीडी लावली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हा तुकडा सुटा नाही, गादीतच आहे असं मला वाटतंय. पण यात टी-वन प्रकारच्या एमआरआय इमेजेस नाहीत. त्या आणा."

गादी म्हणजे मेनिस्कस, गुडघ्यात दोन हाडांच्या मधे असते ती कूर्चेची चकती. तिच्या आतच कधीकधी हाडाचा छोटा मणी तयार होतो, त्याला मेनिस्कल ऑसिकल म्हणतात. दुर्मीळ प्रकार. बहुतेक वेळा आतल्या गादीच्या मागच्या टोकात, जिथे ती हाडाला रुजलेली असते त्या मुळाजवळ सापडतो. कुणी म्हणतं जन्मजात, कुणी म्हणतं जुन्या मारामुळे किंवा झिजेमुळे. उंदरांच्या जातीत तो नेहमीचाच असतो, हे ऐकून ह्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते जाऊ दे.

टी-वन का हवं, हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. ऑसिकल खऱ्या हाडासारखाच असतो, बाहेर कवच, आत मज्जा. मज्जेत चरबी असते, म्हणून टी-वनमध्ये तो शेजारच्या हाडासारखा उजळ दिसतो, भोवती काळी रेघ. चरबी दाबणाऱ्या, म्हणजे तिचा उजळपणा घालवणाऱ्या इमेजेसमध्ये मात्र तोच काळवंडतो. गादीत नुसतं कॅल्शियम साचलं असेल तर ते सहसा दोन्हीकडे काळंच दिसतं. आणि सुटा तुकडा गादीत नाही, सांध्याच्या पोकळीत असतो. माझ्या सीडीत फक्त चरबी दाबलेल्या इमेजेस होत्या. म्हणजे अर्धीच गोष्ट.

मग सुरू झाला एमआरआय सेंटरचा काउंटर.

पहिल्या दिवशी: "मॅडम, सीडी एकदाच देतो." मी म्हटलं, दिलीत ती अपुरी आहे. "आमच्याकडे उघडते ना." उघडते हो, पण आत काय आहे ते बघा! काउंटरवरच्या मुलीने पाहिलं नाही, पुढचं टोकन पुकारलं. दुसऱ्या खेपेला सांगितलं, डेटा सर्व्हरवर गेला, अर्ज लागेल. तिथेच उभ्याने मराठीत अर्ज लिहिला. "इंग्लिशमध्ये लागेल, काकू." ठाण्यात, गुडघेदुखीसाठी, इंग्लिश अर्ज! लिहिला. रिपोर्ट बदलायचं विचारलं तर, "सरांनी सही केलीय, आता बदलत नाही." सर म्हणजे रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट. ते कधी भेटतील? "मंगळवार-शुक्रवार." शुक्रवारी गेले तर सर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये. दोन तास बाकावर बसले. दुखरा गुडघा घेऊन बसायला तो बाक इतका खुजा, की उठताना शेजारच्या आजोबांनी हात दिला. सर आलेच नाहीत.

चौथ्या खेपेला चहाला बाहेर आलेल्या टेक्निशियनला गाठलं. नुसतं "टी-वन कोरोनल आणि सॅजिटल हवंय" (म्हणजे समोरून आणि बाजूने दिसणारे छेद) म्हटलं, तर त्याचा चेहराच बदलला. "आधी सांगायचं ना असं!" मी आधीही तेच सांगत होते, पण काउंटरवर. दहा मिनिटांत नवी सीडी, 200 रुपये. त्यानेच आत निरोप दिला. सरांनी स्क्रीनवर पाहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि काही न बोलता पुरवणी रिपोर्ट टाइप केला: आतल्या मेनिस्कसच्या पोस्टीरिअर हॉर्नमध्ये (मागच्या टोकात) ऑसिकल, मूळ शाबूत. माणूस वाईट नव्हता. त्याच्यापर्यंत पोचू देत नव्हते, एवढंच.

'मूळ शाबूत' हे दोन शब्द माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे. ऑसिकलबरोबर मूळ फाटलेलं असू शकतं. मग गादी हाडाच्या कडेबाहेर सरकते, 3 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली तर गंभीर धरतात, आणि कूर्चा झिजायला लागते. तुमच्या रिपोर्टात याबद्दल काहीच नसेल तर विचारा. माझ्या पहिल्या रिपोर्टात नव्हतं.

आणि हो, सीडी काउंटरवरच उघडून घ्या, टी-वन आहे का बघा. जुना एक्स-रे फेकू नका. डॉक्टरांनी माझा तीन वर्षांपूर्वीचा मागवला, ठिपका तेव्हाही तिथेच होता, जागचा हललेला नव्हता. आम्ही तो रद्दीत घालणार होतो.

पुरवणी रिपोर्ट कशाला हवा, सीडी पुरे, असं मलाही वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उद्या दुसऱ्या कुणाकडे गेलात तर तो आधी कागद वाचेल. 'लूज बॉडी' दिसलं की दुर्बीण काढेल."

ऑपरेशन टळलं. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम चालू आहेत, मांडी घालून बसणं बंद, पूल उतरताना कठडा धरते. दुखणं कमी आहे, गेलेलं नाही. नाहीच थांबलं तर मणी काढायचा विचार करू, असं ठरलंय.

त्या 200 रुपयांची पावती मात्र अजून मिळालेली नाही.