छातीचा फोटो आणि माझी वेणी

तीन आठवडे झाले तरी खोकला हटेना. काढा झाला, गुळण्या झाल्या, मेडिकलमधून आणलेली औषधाची बाटली संपली. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'एक्स-रे चेस्ट, पीए व्ह्यू' (पाठीकडून किरण सोडून काढलेला छातीचा फोटो) लिहिलं आणि म्हणाले, "दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की टीबी नाही ना, हे बघावंच लागतं." त्यानंतरचं मला नीट ऐकूच आलं नाही. माझ्या आजोबांना क्षय झाला होता. आई अजूनही त्या विषयावर हळू आवाजात बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी गेले. त्याची काहीच गरज नव्हती. छातीच्या साध्या फोटोला पोट रिकामं लागत नाही. ते पोटाच्या सोनोग्राफीला किंवा बेरियम पाजून काढतात त्या एक्स-रेला लागतं. खोकून आधीच थकलेल्या माणसाने दोन घास खाऊन जावं.

खोलीच्या दारावर तीन पाकळ्यांचं किरणोत्साराचं चिन्ह, वर लाल दिवा. टेक्निशियन ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी आली? दिवस गेल्याची शंका?" सोबत नणंद होती, म्हणून मी क्षणभर संकोचले. पण इथे संकोच करू नये. जरा जरी शंका असली तरी सांगावं, म्हणजे फोटो पुढे ढकलायचा की दुसरी तपासणी करायची, हे डॉक्टरांना ठरवता येतं.

आत पडद्यामागे गाऊन दिला. ब्रा काढायची, कारण तिचे हुक फोटोत उमटतात. गळ्यातलं मंगळसूत्रही काढायचं. लग्नानंतर ते मी कधी उतरवलंच नव्हतं, हात थोडा अडखळला. शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं चित्र आठवलं: 1895 साली एक्स-रेचा शोध लावणाऱ्या रोंटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा काढलेला फोटो. त्यात हाडांइतकीच ठळक दिसते ती बोटातली अंगठी. धातू किरण अडवतो. मंगळसूत्र रुमालात बांधून नणंदेकडे दिलं.

मग उभं राहायचं ते मशीनकडे पाठ करून. छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे. कोपरं पुढे आणली की खांद्याची हाडं बाजूला सरकतात आणि फुप्फुसं मोकळी दिसतात. किरण पाठीतून शिरून छातीतून बाहेर पडतात. हृदय प्लेटच्या जवळ राहतं, म्हणून त्याचा आकार उगाच मोठा दिसत नाही. हे सगळं मी नंतर विचारून घेतलं. त्या वेळी एवढंच कळलं, की प्लेट गार आहे. दुखत मात्र काहीच नाही.

"मोठा श्वास घ्या… रोखा… हलू नका." मला भीती होती नेमका तेव्हाच खोकला येण्याची. तसं मी आधीच सांगितलं होतं, म्हणून ताईंनी घोटभर पाणी पिऊ दिलं आणि उबळ ओसरेपर्यंत थांबल्या. श्वास पूर्ण भरला नाही तर फुप्फुसं नीट उघडत नाहीत आणि खालचा भाग पांढुरका दिसतो. बटण दाबल्याचा 'टिक' आवाज आला आणि झालं.

पण स्क्रीनवर बघून ताई परत आल्या. "वेणी पुढे आलीय तुमची. अंबाडा घाला, परत काढते." उजव्या खांद्यावरून आलेली माझी घट्ट वेणी फुप्फुसाच्या वरच्या टोकावर सावलीसारखी उमटली होती. टीबीचा डाग बऱ्याचदा तिथेच दिसतो. ताईंचं लक्ष गेलं नसतं तर पुढचे काही दिवस आमच्या घरात काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

दुसऱ्यांदा किरण घ्यायचे म्हणून मी घाबरले. ताईंनी समजावलं, की छातीच्या एका फोटोत साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. माती, हवा आणि आकाशातून आपल्याला अंदाजे दहा दिवसांत मिळते, तेवढीच. फोटो झाल्यावर अंगात काही उरत नाही. त्यांच्या खिशाला एक छोटा बॅज होता. रोज किरणांजवळ काम करणाऱ्यांना किती मात्रा मिळाली, हे त्यावरून मोजतात. त्या शिशाच्या काचेमागे उभ्या राहतात ते म्हणूनच. माझा वर्षातला एखादा फोटो, त्यांचे दिवसाला कितीतरी.

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावून एकेक फासळी दाखवली. फुप्फुसं स्वच्छ होती. तरीही त्यांनी थुंकीची तपासणी करायला लावली, कारण नुसत्या फोटोवर ते टीबीचा निर्णय देत नाहीत. तीही चांगली आली. खोकला ॲलर्जीचा निघाला.

फिल्म मी पाकिटावर तारीख घालून कपाटात सपाट ठेवली आहे. पुढे कधी छातीचा फोटो काढावा लागला, तर तुलनेला जुनी फिल्म घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलंय.